नावाचा सातबारा आपल्याच नावावर हवा



फाळणीनंतर सिंधी निर्वासित कल्याणजवळच्या लष्करी छावणीत रिकाम्या हातांनी उतरले. १९४९ साली त्या छावणीचे उल्हासनगर झाले. आज तिथली जीन्स दूरदूरच्या बाजारात जाते. कापूस पिकवणारे आपण मात्र कच्चा माल देऊन मोकळे. त्यांनी माल बनवला आणि गिऱ्हाईकही स्वतः गाठले.

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या घरांत ज्वारीचे पीठ थेट पोचवायचे, तर बचतगटाला वेबसाइट उपयोगी पडेल. पण फुकटाला भुलू नका. गूगलने छोट्या दुकानदारांना फुकट वेबसाइटी दिल्या होत्या. मार्च २०२४ मध्ये त्या बंद केल्या. पिशव्यांवर छापलेले पत्ते वाया गेले.

हिशेब सोपा आहे. वेबसाइटचे नाव, म्हणजे डोमेन, हा सातबारा. तो करून देणाऱ्या पोराच्या नव्हे, गटाच्याच नावावर हवा. साऱ्यासारखी त्याची फी वेळेवर भरा; चुकली तर नाव जाते. होस्ट म्हणजे भाड्याचे गोदाम. पहिल्या वर्षी भाडे स्वस्त असते. दुसऱ्या वर्षीचे आधी विचारा. वर्डप्रेससारख्या साधनात मांडलेला माल उचलून दुसऱ्या गोदामात नेता येतो. काही तयार दुकानांत मांडणी सोपी, पण निघताना सारे नव्याने मांडावे लागते.

बाजारात आपण व्यापारी बदलण्याची मोकळीक मागतो. ती इथे चार पैसे वाचवण्यासाठी घालवायची का?