केबिनमधला गोंगाट नियमांच्या कानी पडेना

पाचगणी - महाबळेश्वर-पाचगणीच्या पठारावरील स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला. हिवाळ्यापासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत हा नाजूक माल पसरणी घाटातून वाईकडे व पुढे पुण्या-मुंबईच्या बाजारात जातो. त्यासाठी पिकअप गाड्यांचा मोठा आधार असतो. फळाला धक्का लागू नये म्हणून जेवढी काळजी घेतली जाते, तेवढी ते नेणाऱ्या चालकाच्या कानांची घेतली जात नाही.

केंद्र सरकारने १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मालमोटारींची केबिन वातानुकूलित असणे बंधनकारक केले. मात्र हा नियम साडेतीन टनांहून अधिक एकूण वजनाच्या गाड्यांनाच लागू आहे. लहान पिकअप त्यातून सुटल्या. रस्त्यावरच्या जुन्या गाड्यांचा तर प्रश्नच नाही. चालकांच्या कामाचे तास ठरविणारा, २०२५ पर्यंत अमलात असलेला १९६१ चा मोटार वाहतूक कामगार कायदाही पाच किंवा अधिक कामगार असलेल्या व्यवसायालाच लागू होता. स्वतःची गाडी स्वतः चालविणारा शेतकरी दोन्हीकडून बाहेर! शाळांच्या या गावात शिक्षणसंस्थांभोवतीचा १०० मीटरचा परिसर 'शांतता क्षेत्र' मानण्याची तरतूद आहे. केबिनच्या आतील शांततेची मोजदाद कोणी करीत नाही.

आठ तासांच्या कामासाठी ८५ डेसिबल ही श्रवणाच्या दृष्टीने धोक्याची पातळी मानली जाते. घाटात खालच्या गिअरमध्ये कण्हणारे डिझेल इंजिन, उघडी काच आणि सैल झालेले दरवाजे असले, की आवाज किती चढतो हे तासभर बाजूला बसणाऱ्यालाही उमगते.

यावर उपाय आहे, पण त्याचा क्रम चुकतो. बहुतेक मालक थेट नवे सीट कव्हर आणि जाड मॅट टाकून मोकळे होतात. खरे तर आवाज आधी फटींतून येतो. इंजिन व केबिन यांमधल्या पत्र्यातील वायरींची व पेडलची भोके, दरवाजांचे कडक झालेले रबर, इंजिनाचे दबलेले माउंटिंग आणि फुटका सायलेन्सर ही दुरुस्ती पहिली. सायलेन्सर गळका असेल, तर आवाजाबरोबर विषारी धूरही आत येतो. नंतर फरशीचा पत्रा. थरथरणाऱ्या पत्र्याला चिकटविलेले डांबरी किंवा ब्यूटाइल रबराचे पत्रे कंपने शमवितात. त्यावरचा जड मॅटचा थर आवाज अडवितो. नुसता फोम इंजिनाची खोल घरघर रोखू शकत नाही.

पाचगणीत आणखी एक अडचण आहे ती पावसाची. गंज न खरवडता, प्रायमर न मारता वर नमदा घातला, तर तो चार महिने पाणी धरून ठेवतो आणि पत्रा आतून खातो. दरवाजाच्या तळाची पाणी निघण्याची छिद्रे बुजविणे हीही नेहमीची चूक. सीटमधील दबलेला काथ्या किंवा फोम मात्र बदलावाच. कंबरेचे दुखणे तेथूनच सुरू होते.

व्यापारी वाहनांना आठ वर्षांनंतर दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. ब्रेक, दिवे, धूर यांच्या तपासणीसाठी गाडी तशीही परिवहन कार्यालयात उभी राहते. त्याच वेळी चालकाच्या कानाजवळ ध्वनिमापक धरण्यास फार मोठा खर्च येणार नाही. हंगामातील चालकांसाठी श्रवणतपासणीही ग्रामीण रुग्णालयांतून करता येईल.