पुराचा आकडा आणि त्याची पावती

पावसाळ्यात कोल्हापूरकराच्या घरी सकाळच्या चहाआधी एकच प्रश्न विचारला जातो : राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती? ३९ फूट ही पंचगंगेची इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी, हे येथे शाळकरी पोरालाही पाठ असते. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये पाणी ५५ फुटांच्याही वर गेले. घर सोडायचे का, जनावरे कधी हलवायची, हे त्या एका आकड्यावर ठरते. म्हणूनच तो आकडा कोणत्या वाटेने येतो, हा प्रश्न केवळ संगणकतज्ज्ञांवर सोडून चालणार नाही, असे मला वाटते.

कृष्णा खोऱ्यात पाऊस व पाणीपातळी मोजणारी स्वयंचलित केंद्रे जलसंपदा विभागाने बसविली आहेत. अशा असंख्य ठिकाणांहून अखंड येणारी माहिती वाहून नेण्यासाठी जगभर ‘काफ्का’सारख्या प्रणाली वापरल्या जातात. लिंक्डइन कंपनीत जन्मलेली काफ्का २०११ मध्ये सर्वांना खुली झाली. तिची रूढ रीत अशी, की प्रत्येक नोंद सहसा तीन यंत्रांच्या डिस्कवर ठेवायची. एक बंद पडले तरी दोन शिल्लक राहतात. मात्र या प्रतींचा खर्च मोठा होतो.

अलीकडे दुसरी रीत पुढे आली आहे. ॲमेझॉनने २००६ मध्ये ‘एस-थ्री’ हे माहितीचे भाड्याचे कोठार सुरू केले. अशा कोठाराला ऑब्जेक्ट स्टोअरेज म्हणतात. तेथे ठेवलेली फाइल जपण्याची जबाबदारी कोठारवाल्याची. २०२३ मध्ये आलेल्या ‘वॉर्पस्ट्रीम’ने नोंदी थेट अशा कोठारातच नेल्या. मधल्या यंत्रांनी स्वतःजवळ काहीच राखायचे नाही; त्यामुळे एखादे मोडले तरी जमा झालेली नोंद हरवत नाही.

याची किंमत वेळेत मोजावी लागते. गावच्या दूध संस्थेत एकेका शेतकऱ्याच्या दुधासाठी वेगळा टँकर सुटत नाही. सगळ्यांचे दूध कॅनमध्ये जमते आणि मग ‘गोकुळ’कडे जाते. तसेच येथे कोठारातील प्रत्येक फेरीचे पैसे पडतात, म्हणून नोंदी क्षणभर थांबवून एकत्र पाठवतात. अर्धा-एक सेकंद उशीर होतो. शेअर बाजारातील सौद्याला तो जड जाईल, नदीला नाही.

खरी मेख पावतीत आहे. दूध कॅनमध्ये पडण्याआधीच पावती फाडली आणि किटली सांडली, तर हिशेब कोण देणार? नोंद कोठारात पक्की झाल्यावरच ‘मिळाली’ असे उत्तर गेले पाहिजे. ते खरोखर तसे जाते का, हे पाहण्याचा एकच मार्ग आहे : नोंदी वाहत असतानाच यंत्र बंद पाडायचे, जोडणी तोडायची, घड्याळे मागेपुढे करायची आणि शेवटी प्रत्येक पावतीमागे नोंद आहे का ते मोजायचे. काइल किंग्जबरी या अमेरिकन तज्ज्ञाने २०१३ पासून ‘जेपसन’ चाचण्यांत हेच केले, तेव्हा भल्याभल्या प्रणालींनी पावती देऊन नोंदी हरवल्याचे उघड झाले.

कोठारही सदैव उघडे असते असे नाही. २८ फेब्रुवारी २०१७ रोजी एका चुकीच्या आज्ञेमुळे व्हर्जिनियातील एस-थ्री सुमारे चार तास ठप्प होते. माल सुरक्षित असणे वेगळे आणि तो हाती येणे वेगळे.

महापुरात वीज जाते, मोबाइलचे मनोरे बंद पडतात. तेव्हा मोजणी केंद्राने न पोहोचलेल्या नोंदी स्वतःजवळ राखून नंतर पाठवल्या पाहिजेत. आणि पडद्यावरील आकड्याशेजारी तो केव्हा मोजला ती वेळ ठळक दिसली पाहिजे. चार तासांपूर्वीचे ४२ फूट आताचे म्हणून दाखवणे हे काहीच न दाखवण्याहून अधिक घातक आहे.

नालेसफाई जूनआधी होते, बोटी तपासल्या जातात. तशीच मे महिन्यात या माहितीच्या वाटेचीही मुद्दाम मोडून परीक्षा घ्यावी आणि तिचा निकाल जाहीर करावा, ही मागणी पूरपट्ट्यातल्या प्रत्येक गावाने केली पाहिजे.