विश्लेषण : ‘नॅस’मध्ये दोन डिस्क आहेत, मग बॅकअप झाला का?

जुलै २०१८ च्या पावसात नालासोपारा स्थानकातील रूळ पाण्याखाली गेले, लोकल थांबल्या, वसई परिसराची वीज गेली. तळमजल्यावर पाणी शिरू लागले की माणूस आधी सिलिंडर, मग कागदपत्रांची पिशवी वर चढवतो. राउटरशेजारच्या डब्याकडे कोणाचे लक्ष जाणार? आता मात्र घरातले सगळे फोटो, लग्नाचे व्हिडीओ, सोसायटीचे हिशेब याच डब्यात साठू लागले आहेत.

हा डबा नेमका काय?

नेटवर्क अटॅच्ड स्टोरेज, म्हणजेच ‘नॅस’. वायफाय राउटरला जोडलेला, हार्ड डिस्क बसवलेला छोटा संगणक. घरातल्या सगळ्या मोबाइलमधले फोटो त्यावर आपोआप जमा होतात. ‘क्लाउड’चे मासिक भाडे वाचते. सोय चांगलीच आहे, यात वाद नाही.

दोन डिस्क असूनही धोका का?

बहुतेक घरांत दोन डिस्कचा नॅस ‘मिररिंग’ पद्धतीने लावलेला असतो. एका डिस्कवर लिहिलेले त्याच क्षणी दुसरीवर लिहिले जाते. एक बिघडली तर दुसरी काम चालू ठेवते. इतकेच. चुकून पुसलेला फोल्डरही दोन्हीकडून एकदमच पुसला जातो. पाणी, चोर किंवा विजेचा झटका आला तर तो दोन्ही डिस्कना मिळूनच गाठतो. ‘दोन डिस्क आहेत, आता चिंता नको’ हे दुकानातले आश्वासन म्हणून अर्धेच खरे आहे.

इंटरनेटवरून येणारे संकट वेगळेच. जून २०२१ मध्ये वेस्टर्न डिजिटलचे ‘माय बुक लाइव्ह’ हे डबे जगभरात अनेक घरांत एकाएकी कोरे झाले. कंपनीने २०१५ पासून त्यांना सुरक्षा अपडेट देणे थांबवले होते. जानेवारी २०२२ मध्ये ‘डेडबोल्ट’ने क्यूनॅपच्या नॅसमधील फाइल कुलूपबंद करून ०.०३ बिटकॉइनची खंडणी मागितली. बाहेरून फोटो पाहता यावेत म्हणून नॅस थेट इंटरनेटवर उघडा ठेवणे हा शहाणपणा नव्हे.

फाइल परत मिळवताना काय चुकते?

खरी फजिती इथे होते. नॅस बंद पडला की लोक त्याची डिस्क काढून विंडोजच्या संगणकाला जोडतात. बहुतेक नॅस लिनक्सच्या पद्धतीने लिहितात, ते विंडोजला वाचता येत नाही. मग पडद्यावर प्रश्न येतो, ‘डिस्क फॉरमॅट करायची का?’ घाबरलेल्या माणसाचे बोट ‘हो’वर पडते. डिस्क धडधाकट असते. घोटाळा त्या एका स्पर्शाने होतो. ‘नाही’ म्हणून ती त्याच कंपनीच्या दुसऱ्या नॅसमध्ये किंवा लिनक्सच्या संगणकावर तपासणे बरे. फोल्डर पासवर्डने कूटबद्ध केला असेल, तर त्याची किल्ली त्याच नॅसमध्ये ठेवून उपयोग नाही.

मग तिसरी प्रत कुठे ठेवावी?

वसई-विरारच्या बाहेर. विरार लोकलने रोज चर्चगेटला जाणाऱ्याकडे त्याची आयती सोय आहे: कार्यालयातला कुलूपवाला खण. पासवर्ड लावलेली एक यूएसबी डिस्क तिथे ठेवायची, दुसरी घरी नॅसला जोडून भरायची आणि महिन्यातून एकदा अदलाबदल करायची. गावच्या घरी ठेवलेली डिस्कही चालेल, पण ती वर्षातून एकदा गणपतीलाच हाती लागते.

क्लाउडही हवा असेल तर हिशेब करून पाहावा. ५० एमबीपीएसच्या अपलोडने एक टीबी वर चढवायला सलग सुमारे ४४ तास लागतात, तेही मध्ये वीज न गेल्यास. त्यासाठी नॅसला छोटा यूपीएस हवाच. आणि पावसाळ्याआधी, मे महिन्यात, बाहेरच्या डिस्कवरून एखादा जुना व्हिडीओ दुसऱ्याच संगणकावर उतरवून शेवटपर्यंत चालवून पाहावा. फाइलचे नाव दिसले म्हणजे ती उघडेलच, असे नसते.