घाबरा, अवश्य घाबरा!

'घाबरायचं नाही' हा मराठी भाषेतला सर्वांत निरुपयोगी उपदेश आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. तो ऐकून एकाही माणसाची भीती गेल्याचं माझ्या पाहण्यात नाही. उलट ज्याला तोवर घाबरायचं सुचलंही नव्हतं तो, 'म्हणजे घाबरण्यासारखं काही आहे की काय?' असं म्हणत घाम पुसू लागतो.

सध्या या उपदेशाचा मारा आमच्या भाच्यावर चालू आहे. भाचा वकिलीच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि मुंबईच्या मोठमोठ्या लॉ फर्मकडे अर्ज करतो आहे. आता लॉ फर्म ही काय चीज आहे, ते नरसीत समजावून सांगणं सोपं नाही. आमच्याकडे वकील म्हणजे काळा कोट, हिंगोलीचं कोर्ट आणि पुढची तारीख. एकाच काचेच्या इमारतीत शेकड्यांनी वकील बसतात आणि त्यातले कितीतरी वर्षानुवर्षं कोर्टाची पायरी चढत नाहीत, हे ऐकून आमच्या आईने विचारलं, "मग करतात काय मेले?"

"करार लिहितात, आजी."

"म्हणजे अर्जनवीस!" आईने निकाल दिला. त्यावर अपील नव्हतं.

तर या अर्जनविसाची पाच वर्षांची फी ताईने हळदीच्या पैशांतून भरली. ज्या वर्षी भाव पडला त्या वर्षी कशातून भरली, ते तिने कुणाला सांगितलेलं नाही. हे पोराला ठाऊक आहे. त्यामुळे अर्ज गेल्यापासून त्याला भाकरी जात नाही आणि रात्री दोन वाजता तो मोबाईल उघडून बघतो. गावातली मंडळी म्हणतात, पोराला कॉन्फिडन्स नाही. एकाने दीर्घ श्वास घ्यायला सांगितलं. दुसऱ्याने सांगितलं, मुलाखत घेणारे साहेब पट्ट्यापट्ट्यांच्या चड्डीत बसलेत अशी कल्पना कर. पोराने ती केली. आता त्याला साहेबांकडे बघवत नाही.

माझं म्हणणं असं, की ज्याच्या एका उत्तरावर आईची पाच वर्षांची हळद टांगलेली आहे, त्याने घाबरू नये तर काय करावं? शीळ घालावी? जो घाबरत नाही, त्याचं एक तर काही पणाला लागलेलं नसतं, नाहीतर त्याचे काका त्याच फर्ममध्ये असतात.

'वकिलीत भित्र्याचं काम नाही' म्हणणाऱ्यांना मी गांधीजींची आठवण देतो. बॅरिस्टर होऊन ते १८९१ साली विलायतेहून परतले. मुंबईच्या स्मॉल कॉजेस कोर्टात ममीबाई नावाच्या बाईंचा दावा मिळाला. उलटतपासणीला उभे राहिले आणि डोकं गरगरलं. एक प्रश्न सुचेना. खाली बसले आणि घेतलेले ३० रुपये परत करून टाकले. मग एका शाळेत ७५ रुपयांच्या मास्तरकीसाठी गेले. तिथंही नकार मिळाला. पण का? तर ते पदवीधर नव्हते म्हणून. हे 'का' कृपया लक्षात ठेवा, कारण माझं खरं भांडण त्याच्याशी आहे.

त्याहून जुना दाखला आमच्या घरचाच आहे. नामदेव महाराजांचा जन्म नरसीचा की पंढरपूरचा, यावर विद्वानांनी खुशाल भांडावं. आम्ही नरसीकरांनी तो प्रश्न कधीच निकालात काढला आहे. तर गोरोबाकाकांनी संतांच्या डोक्यावर थापटी मारून मडकी पक्की की कच्ची ते पाहिलं, ही कथा सर्वांना माहीत आहे. माझ्या मते ही मराठीतली पहिली नोंदलेली मुलाखत. आमचा उमेदवार तीत नापास झाला. रडला, रुसला, थेट विठ्ठलाकडे तक्रार घेऊन गेला. पण गोरोबांनी 'आम्ही आपल्याला कळवू' असं म्हटलं नव्हतं. मडकं कच्चं आहे, असं तोंडावर सांगितलं. विठ्ठलानेही गुरू कर म्हणून वाट दाखवली. स्वारी औंढ्याला विसोबा खेचरांकडे गेली. पुढे याच नापास उमेदवाराची ६१ पदं गुरू ग्रंथसाहिबात गेली आणि २०१५ साली मराठी साहित्य संमेलन त्याच्या नावाने पंजाबात घुमानपर्यंत पोचलं.

आमच्या भाच्याला मात्र कुणी कच्चासुद्धा म्हणत नाही. एका फर्मने (नाव घेत नाही, त्यांच्याकडे वकील फार आहेत) मोबाईलवर मुलाखत घेतली. कंपनी कायद्यावरचे दोन प्रश्न त्याने व्यवस्थित सोडवले. मग साहेबांनी विचारलं, "घरात कुणी वकील आहे का?" आता ही परीक्षा पोराची की त्याच्या आजोबांची? आजोबा वारले १९९८ साली, त्यांना तयारीला वेळही मिळाला नाही. त्यानंतर आज अठरा दिवस झाले, तिकडून होय नाही, नाही नाही.

मी बँकेत कारकून आहे. आमच्याकडे पाचशे रुपयांचा चेक परत गेला तरी त्याला छापील चिठ्ठी लावावी लागते. पुरेशी शिल्लक नाही. सही जुळत नाही. अक्षरी व अंकी रकमेत फरक. ग्राहक शिव्या देतो, पण काय सुधारायचं ते त्याला कळतं. आणि हे लोक पाच वर्षं शिकलेला अख्खा मुलगा बिनचिठ्ठीचा परत करतात! तेही कोण? तर ज्यांचं पोट 'निर्णयाला कारणं द्या' असा युक्तिवाद करण्यावर चालतं ते! मी हे तावातावाने बोललो तेव्हा भाचा शांतपणे म्हणाला, "मामा, कारणं देण्याचं बंधन सरकारी यंत्रणेला आहे. १९९० चा एस. एन. मुखर्जी खटला. खाजगी फर्मला ते लागू नाही."

बघा! हा मुलगा त्यांना नको आहे.

नाही लागू तर नाही. मुलाखत नावाच्या देवाला सरकारनेही थोडं बाजूला सारलंच की. १ जानेवारी २०१६ पासून केंद्राने खालच्या पदांच्या मुलाखती बंद केल्या. आमच्या बँकांच्या कारकुनी भरतीतूनही ती गेली. मी लागलो तेव्हा होती. तीत मला दोन नद्यांची नावं विचारली होती. त्यांचा ताळेबंदाशी काय संबंध, ते मला वीस वर्षांत उमगलेलं नाही. मुलाखत गेल्यानंतर आलेली पोरं माझ्यापेक्षा जलद काम करतात, हे आपलं जाता जाता.

तर आता मी भाच्याला घाबरू देतो. रोज संध्याकाळी कयाधूच्या काठी तो चालतो आणि मी साहेब होतो. आधी मराठीत उत्तर, मग तेच इंग्रजीत. कारण निम्मी भीती कायद्याची नसून इंग्रजीची आहे, हे चौथ्या दिवशी कळलं. आवाज अजून कापतो. कापू दे. कापऱ्या आवाजात सांगितलं म्हणून कलम बदलत नाही. अर्जांसाठी एक वही घातली आहे: तारीख, फर्म, उत्तर. उत्तराचा रकाना कोरा राहतो, म्हणून मीच एक छापील चिठ्ठी तयार केली. प्रत्येक अर्जासोबत जोडायची, फर्मने फक्त खूण करून परत पाठवायची. कायद्याचं ज्ञान अपुरं. इंग्रजी अपुरं. जागा आधीच भरली होती. शेवटी, आमच्या चिठ्ठ्यांवर असतं तसं, 'इतर कारणे'.

भाच्याने ती वाचली, खिशातून पेन काढलं आणि शेवटची ओळ खोडली.

"मामा, हे ठेवलंत तर सगळे त्याच्यावरच खूण करतील."