कोंड्याचा मांडा

जुन्या लुगड्याची गोधडी आणि रद्दी कागदाच्या लगद्याची टोपली ह्या दोन वस्तू एके काळी आपल्या घरांतून सर्रास दिसत. मेथी घालून कुटलेला लगदा उपड्या घमेल्यावर थापावयाचा आणि वाळला म्हणजे अलगद सोडवावयाचा, की झाली टोपली! जुने टाकावयाचे नाही, आणि साच्यावर थापून नवे घडवावयाचे, ह्या दोन युक्त्या एकत्र करून कोणी मोटारगाडी बनविली असे सांगितले तर वाचकांस ती थट्टा वाटेल. परंतु तसे खरोखरच घडले आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर फायबरग्लास हा पदार्थ अमेरिकेतील नावा बांधणाऱ्यांच्या हाती आला. काचेच्या अतिबारीक तंतूंची चटई साच्यात अंथरावयाची, तीत कृत्रिम राळ जिरवावयाची आणि असे थरावर थर चढवावयाचे. राळेत मिसळलेल्या द्रव्यामुळे ती काही वेळाने कठीण होते. पोलादी पत्र्यास आकार देण्यास प्रचंड यंत्रे व तितकेच प्रचंड भांडवल लागते. येथे एक साचा, ब्रश आणि दोन हात पुरतात. शिवाय हे अंग हलके असते व गंजत नाही. इंग्लंडातही ऑस्टिन सेव्हनसारख्या जुन्या गाडीच्या सांगाड्यावर असे नवे अंग चढविण्याची हौस फैलावली. तयार नव्या मोटारीवरील खरेदी-कर सुट्या भागांच्या संचास लागू नसल्याने घरी जोडावयाच्या गाड्यांस तेथे अधिकच चालना मिळाली. १९७३ साली मूल्यवर्धित कर आला आणि ती सवलत संपली.

ह्या कलेत सर्वांत नाव गाजले ते कॅलिफोर्नियातील ब्रूस मेयर्स ह्यांचे. हे गृहस्थ मुळात नावा बांधणारे. १९६४ साली त्यांनी वाळूवर धावणारी ‘मेयर्स मँक्स’ ही उघडी, गोंडस गाडी बनविली. पुढे ते अंग जुन्या फोक्सवागन बीटलच्या तळावर बसेल अशी त्यांनी योजना केली. बीटलचे वरचे अंग तळास बोल्टांनी जोडलेले असते. ते गंजले वा अपघातात चेपले, तरी खालचा तळ, चाके आणि मागचे वाऱ्याने थंड होणारे एंजिन पुष्कळदा धडधाकट राहते. तो तळ साडेचौदा इंच कापून पुन्हा सांधावयाचा आणि त्यावर नवे अंग बसवावयाचे. १९६७ साली ह्याच गाडीतून मेयर्स व त्यांचे एक सोबती मेक्सिकोतील ला पाझहून तिहुआनास पावणेपस्तीस तासांत पोहोचले. त्यापूर्वी मोटारसायकलीस त्याच वाटेवर जवळजवळ ४० तास लागले होते.

कीर्ती आली, तसे नकलाकारही आले. तयार अंगावरूनच साचा काढता येतो, हा फायबरग्लासचा गुण निर्मात्याच्या मुळावर आला. मेयर्स न्यायालयात गेले. परंतु त्यांचे एकस्व तेथे टिकले नाही, आणि १९७१ साली कारखाना बंद पडला. नकला मात्र जगभर धावत राहिल्या. २०१४ साली त्यांची पहिली तांबडी गाडी अमेरिकेच्या ऐतिहासिक वाहनांच्या राष्ट्रीय नोंदवहीत दाखल झाली, हे पाहण्यास ते हयात होते. २०२१ साली त्यांचे निधन झाले.

ही हकीकत वाचून कोणा उत्साही तरुणाने घरची जुनी गाडी कापावयास घेऊ नये. सांधा कच्चा राहिला तर जिवावर बेतते. राळेची वाफ व काचेची धूळ फुप्फुसांस अपायकारक असते. शिवाय आपल्याकडे १९८८च्या मोटार वाहन कायद्याचे ५२वे कलम नोंदलेल्या गाडीच्या मूळ रचनेत मनास येईल तसा फेरफार करू देत नाही.

तथापि ह्यातील खरा बोध गाडीपुरता नाही. आपल्या सुशिक्षित घरांतून पुस्तकास पाय लागला तर आपण नमस्कार करतो. पान्हा हाती धरणाऱ्या मुलास मात्र ‘हे काय मांडले आहेस?’ म्हणून दटावतो. त्याने जुने घड्याळ उघडले तर उघडू द्यावे. फक्त ते पुन्हा जोडल्यावाचून पानावरून उठलेल्यांत त्याची गणना करू नये! आणि दुसऱ्याची युक्ती उचलली असेल, तर तिच्या धन्याचे नाव सांगण्याची सवयही त्यास त्याच वेळी लावावी. कोंड्याचा मांडा करणे हे कौशल्य खरेच. पण तो प्रथम कोणी केला हे न विसरणे, ही सभ्यता होय.