न वाचतां केलेली सही

ऊसकरी बांधवांनो, दुसऱ्याला दोष देण्यापूर्वीं आज आपल्याच हाताची झडती घेऊं.

उजनीचें धरण 1980 सालीं पुरें झालें. करमाळा-माढ्याकडील कित्येक घरांच्या काळ्या जमिनी पाण्याखालीं गेल्या. उरल्या तुकड्यांत मोटारी बसवून आम्ही ऊस लावला. आडसाली बेणें सोळा-अठरा महिने सांभाळावें, रात्रीच्या विजेवर दारें धरावीं, मग तोडचिठ्ठीची वाट पाहावी. तुटलेल्या उसाची साखर व वजन दोन्ही घटत जातात, म्हणून कारखान्याला घाई असते. गव्हाणींत पडलेल्या उसाचा रस निघतो, चुना व गंधकाच्या धुरानें निवळतो, आटतो, आणि फिरत्या यंत्रांतून साखर एकीकडे व मळी दुसरीकडे होते. टनाला शंभर किलोंच्या आसपास साखर पडते. शिवाय चिपाडावर वीज आणि मळीपासून मद्यार्क! हें सारें थोड्या दिवसांत उरकतें. मग ऊसवाल्याचे पैसेच तेवढे महिनोन्‌महिने कोठें वाळत पडतात?

कायदा नाहीं असें म्हणूं नका. 1966 चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो कीं, ऊस पोंचल्यापासून 14 दिवसांत पैसे द्यावे. न दिल्यास दरसाल शेंकडा 15 व्याज द्यावें. पण त्यांत एक खिंड आहे : उलट लेखी करार नसेल तर! ती खिंड आम्हीच आपल्या सहीनें उघडून देतों.

गेल्या हंगामांत एका मुलाचा बाप रात्रीं माझ्याकडे आला. “गुरुजी, बिल कधीं निघंल?” त्याच्या पिशवींत ऊसनोंदीचा छापील कागद होता. बारीक अक्षरांत लिहिलें होतें कीं, कारखाना देईल त्या हप्त्यांनीं पैसे घेण्यास माझी संमति आहे. खालीं त्याची ठसठशीत सही. ती सही लहानपणीं मींच त्याला गिरवून दिली होती! सही शिकविली, वाचल्यावांचून सही करूं नये हें शिकविलें नाहीं. हा दोष माझाही आहे.

दुसऱ्या दिवशीं सातवीला गणित घातलें. ऊस 50 टन, टनामागें हातीं येणारे 3000 रुपये, 14 दिवसांवर आणखी 90 दिवस उशीर. मुलांनीं व्याज काढलें : साडेपांच हजारांहून अधिक! आपलें कर्ज थकलें तर व्याजाचा एक दिवस तरी सुटतो काय?

कोणी म्हणेल, सही न केली तर ऊस नेणार नाहींत, उभ्या उसाला तुरे येतील. एकट्याच्या येतील, हें खरें. म्हणूनच एकट्यानें भांडूं नका. नोंदीपूर्वीं सारा गांव चावडींत बसा. कागद मोठ्यानें वाचवून घ्या. संमतीची ओळ सर्वांनीं मिळून नाकारा. काट्याची पावती जपा, तारीख वहींत लिहा. पंधराव्या दिवशीं सर्वांच्या सह्यांचा अर्ज पुण्याच्या साखर आयुक्तांकडे धाडा. वाचणारा कोणी नसेल तर सातवींतली तुमचीच मुलगी वाचील.

बांधवांनो, अंगठा जाऊन सही आली, एवढ्यानें आपण सुटलों नाहीं. वाचल्यावांचून सुटणारही नाहीं.

— खेड्यांतील एक शिक्षक