पाच मिनिटं बाहेर बसाल का?

पुण्याकडचे पाहुणे आले की आम्हा नागपूरकरांची थट्टा करतात : "तुमच्याकडे संत्री जास्त खातात की खर्रा?" ही थट्टा झोंबते, कारण ती खोटी नाही. संत्र्याला निदान हंगाम असतो. सुपारी, तंबाखू आणि चुना एकत्र घोटून पन्नीत बांधलेली ही पुडी मात्र बारमाही मिळते. उरलेला महाराष्ट्र तिला मावा म्हणतो. आमच्या प्रताप नगरात ज्या इमारतीवर शिकवणी वर्गाची पाटी आहे, तिचा जिना सकाळी झाडणाऱ्या बाईला एकदा विचारून पाहा, रिकाम्या पन्न्या किती निघतात ते.

पोरांच्या व्यसनाचा विषय निघाला की आपल्या डोळ्यांपुढे सिगारेट येते. मुलाच्या शर्टाचा वास घेऊन निश्चिंत होणारे आईबाप मी पाहिले आहेत. खर्ऱ्याला धूर नसतो, शर्टाला वास लागत नाही. २०१६-१७ च्या प्रौढांच्या तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रात शंभरातले चोवीस जण तोंडात तंबाखू धरणारे निघाले, ओढणारे चारच्या आसपास. २०१९ च्या शाळकरी मुलांच्या सर्वेक्षणात देशातली तेरा ते पंधरा वयाची ८.५ टक्के मुलं कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू वापरत होती. तोंडात तंबाखू ठेवणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिकांनी दहावा वाढदिवस येण्याआधीच सुरुवात केली होती.

कायदे म्हणाल तर भरपूर आहेत. २००३ च्या कायद्यानं अठरा वर्षांखालच्यांना तंबाखू विकायला बंदी आहे, शाळा-कॉलेजांपासून शंभर यार्डांच्या आत विकायला बंदी आहे. २०१२ मध्ये राज्यानं गुटखा बंद केला. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात तर मुलाच्या हाती तंबाखू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंतची सक्तमजुरी लिहिलेली आहे. हे सगळं वाचल्यावर पानठेले ओस पडायला हवे होते. असो. मला आज बोलायचं आहे ते अशा मुलाबद्दल, जो कुठल्या तरी निमित्तानं डॉक्टरच्या खुर्चीत येऊन बसतो. तिथे त्याला सोडवायची चालून आलेली संधी आपणच, त्याची घरची माणसं, वाया घालवतो.

आमच्या ओळखीतला अकरावीचा एक मुलगा दाढ भरायला गेला होता. (त्याच्या परवानगीनं लिहितो आहे, ओळख पुसून.) सोबत आई. डॉक्टर म्हणाले, "आ कर." धडधाकट माणसाच्या तोंडात त्याची स्वतःची तीन बोटं उभी सहज मावतात. याच्या तोंडात दोनच गेली. "खर्रा खातोस का रे?" मुलानं तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "छे हो, आमच्या घरात सुपारीसुद्धा आणत नाहीत!" मुलानं मान हलवली. दाढ भरली गेली, पैसे दिले गेले, संपलं. हे मला त्या माउलीनंच सांगितलं, तेही डॉक्टर फार आगाऊ आहेत अशा तक्रारीच्या सुरात. पुढे बहिणीच्या शैक्षणिक कर्जाचे कागद दाखवायला तो मुलगा माझ्याकडे आला, तेव्हा मी सहज विषय काढला. म्हणाला, "काका, आईसमोर कसं सांगणार न? नववीपासून खातो."

दोन बोटांचा अर्थ समजून घ्यायला हवा. सुपारीनं गालाच्या आतलं मऊ अस्तर हळूहळू ताठ आणि पांढुरकं होतं, तिखटाचा घास गेला की आग होते, तोंड कमी कमी उघडतं. ही कर्करोगाची पूर्वावस्था आहे. "तंबाखू नाही, नुसती सुपारी खातो" म्हणणाऱ्यांनी हेही ऐकावं, की जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २००४ मध्ये नुसत्या सुपारीलाच कर्करोगकारक ठरवलं. खाणं बंद केलं तर ताठरपणा वाढायचा थांबू शकतो, पण गेलेली लवचीकता पुरती परत येत नाही. त्यामुळे सोळाव्या वर्षी दिलेलं खरं उत्तर आणि सव्विसाव्या वर्षी दिलेलं खरं उत्तर यांची किंमत सारखी नसते.

माझी हयात बँकेत गेली. कामावर रुजू होताना पहिली सही होते ती निष्ठा आणि गोपनीयतेच्या प्रतिज्ञेवर. ग्रामीण शाखेत असताना एक गोष्ट पक्की कळली. तरुण शेतकऱ्याला वडिलांसमोर विचारलं, "सावकाराचं काही देणं?" तर उत्तर ठरलेलं, "काही नाही साहेब." तोच चहाच्या टपरीवर एकटा भेटला की आकडा सांगायचा, व्याजासकट. तो लबाड नव्हता, वडिलांची लाज राखत होता. रिझर्व्ह बँकेनं २०१४ मध्ये दहा वर्षांवरच्या मुलांना स्वतःच्या सहीनं बचत खातं चालवायची मोकळीक दिली. शंभर रुपये काढायला दहा वर्षांच्या पोराची सही चालते. स्वतःच्या तोंडाविषयी डॉक्टरशी बोलायला मात्र सोळा वर्षांच्या मुलाला आई मध्ये लागते.

कुणी म्हणेल, पोरगं आमचं, फी आम्ही भरतो, मग आमच्यापासून चोरून कशाला? प्रश्न रास्त आहे. पण जाणता डॉक्टर मुलाला आधीच सांगून टाकतो, की तुझ्या जिवाला धोका दिसला तर मला घरी सांगावं लागेल, बाकीचं इथंच राहील. एवढं ऐकलं की मूल बोलायला लागतं. आणि बोलणं हेच तर या वयातलं मुख्य औषध आहे. मोठ्या माणसांना निकोटिनचं च्युइंगगम देतात, गोळ्या देतात. किशोरवयात त्यांचा उपयोग होतो याचा भक्कम पुरावा नाही. दुकानातून आणून मुलाच्या हाती द्यायच्या त्या वस्तू नव्हेत.

मग डॉक्टर बोलतो काय? पन्नाशीतल्या कर्करोगाचं भय घालून सोळा वर्षांचा मुलगा हलत नाही, त्याला पन्नाशी म्हणजे पौराणिक काळ वाटतो. डॉक्टर आरसा देतो आणि त्याची स्वतःची बोटं मोजायला लावतो. सकाळी उठल्यावर पहिली पुडी किती वेळानं लागते ते विचारतो. अर्ध्या तासाच्या आत लागत असेल तर पकड घट्ट आहे असं समजतात. मग सोडायची तारीख मुलानंच ठरवायची. पहिला आठवडा वाईट जातो : चिडचिड, झोप नाही, अभ्यासात लक्ष नाही. तलफ येते तेव्हा काही मिनिटं जीव घेते आणि ओसरते. तेवढ्यापुरतं पाणी, बडीशेप, शिकवणीचा रस्ता बदलणं, ठेल्यावरच्या मित्राला सरळ "सोडला" म्हणून सांगणं. आठवड्याच्या आत पुन्हा भेट. मध्ये घसरला तर रागवायचं नाही, कुठे घसरला ते विचारायचं. हिशेबही मांडून दाखवावा, हा माझा बँकेतला आगाऊपणा समजा : दिवसाला वीस रुपये धरले तरी वर्षाचे ७,३०० होतात, आणि त्या वयाला मोबाईलचा भाव चांगला पाठ असतो.

त्या मुलाची पुढची हकीकत अशी. मी त्याच्या आईला एवढंच म्हटलं, की पुढच्या वेळी तुम्ही बाहेर बसा. ती फुरंगटली, पण बसली. तो दोनदा घसरला. तिसऱ्या भेटीला त्यानं आपणहून तिला आत बोलावलं. ती रडली, मग घरात वडिलांच्या खिशातल्या पुडीवरून जे महाभारत झालं ते मी इथं लिहीत नाही. बाप खाणारा असेल तर त्यानं मुलाबरोबरच तारीख धरावी, एवढं मात्र लिहितो.

२०१८ मध्ये केंद्र सरकारनं दंत महाविद्यालयांत तंबाखूमुक्ती केंद्रं उभारण्याच्या मार्गदर्शक सूचना काढल्या, ते शहाणपणाचं झालं. आपल्या मुलखात व्यसन आधी दाताच्या डॉक्टरलाच दिसतं. शिवाय तंबाखू सोडणाऱ्यांसाठी १८००-११-२३५६ हा फुकटचा राष्ट्रीय दूरध्वनी २०१६ पासून आहे. सिगारेटच्या पाकिटावर तो छापलेला असतो. खर्ऱ्याच्या पन्नीवर काहीच छापलेलं नसतं, तेव्हा तो घरातल्या फ्रिजवर चिकटवून ठेवावा, कुणासाठी ते न सांगता.